मुसेंगेचं गॅरेज

लुआन्शा, ४ जून

ती. न्सोफ्वाताईस,
लोम्बेचा सा. न. वि. वि.

खाण बंद पडली, पण कंपनीचं घर माझ्या नावावर झालं. सोबत गॅरेजही. गाडी नाही आणि गॅरेज आहे, हस आता! मुसेंगे आणि मी तिथे वर्कशॉप थाटतोय. रुळाच्या तुकड्याची ऐरण केली, मोडक्या दाराचं टेबल. विजेच्या जळक्या मोटरींतली तांब्याची तार गुंडाळून वेल्डिंगचं मशीन घरीच बनवलं. पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीची वीज गेली. शेजारीण माझा उद्धार करत होती आणि मुसेंगे, ऐकूच येत नसल्यामुळे, तिच्याकडे बघून गोड हसत होती.

लेकीचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिने पिंपाच्या पत्र्याची शेगडी केली, ती बाजारात ठेवल्या ठेवल्या खपली. मला थोडा खोकला आहे, बाकी ठीक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा लोम्बे

मन्सा, २० जून

चि. लोम्बेस,
अ. उ. आ.

थोडा खोकला, थोडा खोकला, हे मी वर्षभर वाचतेय. खाणीच्या धुळीने आपले बाबा कसे गेले ते विसरलास? पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर कान धरून दवाखान्यात नेलं असतं.

दादा येऊन गेला. म्हणाला, बहिऱ्या मुलीला ठिणग्यांत बसवतो, लोम्बेला वेड लागलंय. मी म्हटलं, तिच्या आईमागे त्यानेच तिला वाढवलं, त्याला कळतं. तरी तू सगळं तिच्या नावावर करून ठेव. दादाला मी ओळखते.

पोरीला माझे पापे. तिच्यावर आहे तितकाच जीव माझ्यावरही असू दे.
तुझी ताई

लुआन्शा, २ सप्टेंबर

ती. आत्यास,
मुसेंगेचा शि. सा. न.

बाबांना पुरून आले. डॉक्टरांनी त्यांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं, हे मला शेजारणीकडून कळलं. म्हणून ते मला जेवतानाही काम समजावत होते. मला वाटायचं, हौस आहे.

मातीहून परतल्यावर मोठे काका ट्रक घेऊन आले. ऐरण, मशीन, पान्हे, सगळं भरलं. बाबांनी कागद केला नव्हता. मी मशीनला मिठी मारली, तर काकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. काय बोलत होते ते कळलं नाही. मान खाली घालून बोलत होते, ओठ दिसले नाहीत.

मक्याच्या पिठाची न्शिमा शिजवते, पण दोन माणसांची होते.

मला विसरू नकोस.
तुझी मुसेंगे

मन्सा, १५ सप्टेंबर

चि. मुसेंगेस,
अ. उ. आ.

कुबडी घेऊन दादाकडे गेले. मशीन त्याने विकलंय. कोणाला, ते सांगेना. म्हणाला, भावाच्या मालावर वडील भावाचा हक्क असतो. मी म्हटलं, मग भावाच्या लेकीवर नसतो का? त्यावर त्याने वहिनीला चहा आणायला सांगितलं. मी चहा घेतला नाही. माझ्या मयताला येऊ नकोस, एवढं सांगून उठले.

मी तुझ्याकडे राहायला येतेय. मला लोखंडातलं काही कळत नाही, पण तू सांगशील ते धरून उभी राहीन.

रस्ताभर रडत आले, पोरी. एका वर्षात माझे दोन्ही भाऊ गेले.

वाट बघ.
तुझी आत्या