अर्धा स्वर खाली

पार्मा, ता. ९ फेब्रुवारी १८८४

चि. एर्सीलिया हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी एलिसेओ बेर्गोन्झी, वय वर्षे बाहत्तर, धंदा खोगिरे शिवण्याचा, शिक्षण इयत्ता चौथी, येथील नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या सज्जातील कठड्यालगतच्या पहिल्या जागेचा मानकरी. पोटच्या मुलीस हे लिहून कळवावे लागते, कारण तुझ्या संगीत नाटकाच्या येथील पहिल्या रात्री सज्जात येऊ नका, असे तू मला लिहिलेस.

राजकन्येचे बळीच्या वेदीवरचे गाणे अर्ध्या स्वराने उतरवून गाणार, असेही लिहितेस. स्वर उतरला, तर निषेधाची पहिली शिट्टी त्या जागेवरून वाजते आणि मग सज्जा थांबत नाही. ही रीत तुझ्या जन्मापूर्वीची आहे. नाते जिन्याखाली ठेवूनच वर यावे लागते.

घशास गरम दूध व मध घेत जावे. लोभ आहेच.

तुझा पिता,
एलिसेओ

मिलान, ता. १२

ती. बाबांस एर्सीलियाचा सा. न. वि. वि.

दूध-मध झाले, वाफ झाली, ताप गेला. घशाची सूज मात्र तशीच. मूळ पट्टीत गायले तर आवाज फाटेल, असे डॉक्टर म्हणतात. फाटलेला आवाज खोगिरासारखा शिवता येत नाही, बाबा.

बाकीच्यांच्या शिट्ट्या मी सोसेन. तुमची आली, तर हट्टाने मूळ पट्टीत वर चढेन. मुलगी कोणाची आहे? नाटकातल्या त्या ग्रीक राजाने निदान जहाजांना वारा मिळावा म्हणून मुलगी वेदीवर दिली. तुम्ही कशासाठी देणार? कठड्यालगतच्या बाकासाठी?

रागावू नका. रागावलात तरी लोकरीचा गळपट्टा घालूनच या.

तुमची,
एर्सीलिया

पार्मा, ता. १७

चि. एर्सीलिया हिस आशीर्वाद, वि. वि.

काल घडले ते जसेच्या तसे लिहितो.

वेदीवरचे गाणे तू उतरवून सुरू केलेस. सारा सज्जा माझ्याकडे वळला. मी दोन बोटे ओठांशी नेली. तेवढ्यात तू मान वर केलीस. त्या जागी राजकन्येने मान वर करावी, असे कोठेही लिहिलेले नाही.

लिओनिदा न्हावी म्हणाला, उस्ताद, आज दात घरी राहिले की काय? मी त्यास सांगितले की दात आहेत, कानही आहेत, स्वर अर्ध्याने खालीच आहे. परंतु ज्याच्या घरचा खटला, त्याने न्यायास बसू नये. जागा त्यास दिली. ती परत मागणार नाही.

जिना उतरत असता त्याची शिट्टी ऐकली. मागोमाग पुष्कळांच्या. त्यांत माझी नव्हती, हे तुला खालून उमगले असावे, कारण तू चढली नाहीस. शेवटपर्यंत अर्ध्या स्वराने खालीच राहिलीस.

गाणे उतरलेले होते, हे माझे मत कायम आहे. तरी मी जिन्यात उभा राहून टाळ्या वाजविल्या. शिट्ट्या थांबल्या, त्यानंतरही वाजविल्या.

लोभ आहे, तो असाच राहावा.

एलिसेओ बेर्गोन्झी

टाळ्या वाजविल्या त्या वेळी जिन्यात समक्ष हजर: प्रोस्पेरो दिवेवाला, झेलिंदा, भाजलेले चेस्टनट विकणारी.