फोनोग्राफ आणि बाकीचे अडाणी

३ मार्च, सकाळी
भंगारवाल्याकडून फोनोग्राफ आणला. अस्सल. लाकडी पेटी, पितळी कर्णा, बाजूला किल्ली. हिने दारातच विचारलं, आधीचे तीन बोलत नाहीत, हा चौथा कशाला? डोकं फिरलं. आधीचे तीन ग्रामोफोन आहेत. त्यांना तबकडी लागते. हा फोनोग्राफ. याला पाण्याच्या पेल्याएवढी मेणाची नळी लागते. तेहेतीस वर्षांच्या संसारात हा फरक मी चाळीस वेळा समजावला असेल. ही म्हणाली, फरक कळला, दोन्ही बोलत नाहीत.
उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मग दिलं. जेवण गार झालं.

३ मार्च, दुपारी
कारण लिहून ठेवतो. सासूबाईंकडे एका पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळलेली मेणाची नळी आहे. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी घरच्या मशीनवर स्वतःचा आवाज तीत भरला. पुढे घर बदलताना मशीन गेलं, वडीलही गेले, नळी राहिली. वडिलांनी अंगाई म्हटली होती असं त्यांना अंधुक आठवतं. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी ती एकदाही ऐकलेली नाही. येत्या तीस तारखेला त्यांना नव्वद पूर्ण होतात. त्या दिवशी मी ऐकवणार. तसा शब्द फोनवर दिलाच आहे. सासूबाई म्हणाल्या, जमेल ना हो तुम्हाला?
हा प्रश्न मला! वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. अख्ख्या बाजारातले काटे मी सरळ केले.

५ मार्च
पेटी उघडली. आतली स्प्रिंग एका गोल डबीत असते. डबीचं झाकण काढताच स्प्रिंग बाहेर आली. सगळी. चौदा फूट. निम्मी माझ्या हनुवटीवर.
तीन टाके. मेहुण्याने घातले, त्याचा दवाखाना कोपऱ्यावर आहे. हा माणूस दात काढतो आणि सल्ले देतो. म्हणाला, भावजी, स्प्रिंग उघडताना वर पोतं टाकतात. बोलायला गेलो तर म्हणाला, तोंड हलवू नका. टाके घालणाऱ्याने तेवढाच गैरफायदा घ्यावा!
निश्चय: यापुढे मेहुण्याशी फक्त कामापुरतं बोलणं.

१० मार्च
स्प्रिंग परत डबीत गेली. पाच दिवस लागले. बाथरूमच्या फरशीवर बसून, ग्रीस लावून, दात-ओठ खाऊन. हिचे तीन टॉवेल गेले. त्यावरून सकाळपासून भांड्यांचा आवाज चालू आहे. माणूस इतिहास वाचवतोय आणि घरात शोक टॉवेलांचा!

१५ मार्च
कर्णा घासला. वर कुणीतरी निळीजांभळी फुलं रंगवली होती. मला ती मागाहून काढलेली वाटली. भांडी घासायच्या तारेने दोन तासांत साफ. नंतर जुन्या कॅटलॉगमध्ये फोटो सापडला: फुलं मूळचीच. रंग इतका कच्चा लावणाऱ्या कारखान्याची कमाल आहे. आजकालच्या मालाला नावं ठेवतात लोक!

२० मार्च, संध्याकाळी
यश! मशीन फिरलं!! मोटरपासून वरच्या लाटेपर्यंत, म्हणजे नळी चढते त्या रुळापर्यंत, जाणारा चामडी पट्टा मी नवा बसवला, माझ्याच जुन्या बेल्टचा. भंगारवाल्याने सोबत एक फुटकळ नळी दिली होती, ती चढवून पाहिली. आवाज आला! कुठल्या तरी परक्या भाषेतलं गाणं. वहीत नोंद केली: ‘अज्ञात भाषा, अत्यंत दुर्मीळ’.
ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. दोन मिनिटं ऐकलं. म्हणाली, अहो, उलटं वाजतंय.
मी सांगितलं की त्या काळी अशीच मशिनं असत. ती काही न बोलता परत गेली. हिचं हे न बोलणं मला सर्वांत जास्त चीड आणतं.

२१ मार्च
पट्ट्याला पीळ पडला होता. म्हणजे लाट उलटी फिरत होती. पट्टा सरळ केला. आता लाट फिरतच नाही. रागाने पेटीवर चापट मारली. आतून काहीतरी सुटून खळ्ळकन खाली पडलं.
निश्चय: दोन दिवस मशीनकडे बघायचं नाही. त्याला कळू दे.

२३ मार्च
बाजारातून परतलो तर टेबल रिकामं. हिने फोनोग्राफ चादरीत बांधून रिक्षाने घड्याळजीकडे नेला! मला न विचारता! का, तर आईला शब्द तुम्ही दिलात, पण वाट ती बघतेय.
तडक दुकानात गेलो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला. वर न बघता त्याने विचारलं, हे काम आधी कुणी केलं? मी म्हणालो, आधीच्या मालकाने. तो म्हणाला, माणूस जोरकस होता.
एका दुपारीत मशीन तयार. माझे तीन आठवडे, त्याची एक दुपार! अर्थात अवघड भाग मी करूनच ठेवला होता. निघताना उपदेश: नळी जुनी आहे, एकदाच वाजवा. आणि बाहेरून दाबून धरू नका, आत दोन बोटं घालून उचला. मला! नळी कशी धरायची ते!

३० मार्च, दुपारी
सासूबाईंकडे सगळे जमले. मशीन मीच चालवणार, असं बजावून सांगितलं. मेहुणा म्हणाला, बहिणीला द्या, तिचा हात हलका आहे. दुर्लक्ष केलं. नळी चढवली, किल्ली दिली, सुई टेकवली.
आधी नुसती खरखर. मग कर्ण्यातून एक पुरुष कडाडला: ‘चालू आहे का हे? दार लावा आधी! इथली पेटी कोणी हलवली? मी सांगितलं होतं, कोणी हात लावायचा नाही! या घरात एकाला अक्कल असेल तर शपथ!’ दोन मिनिटं हेच. अंगाई नाहीच. आणि अगदी शेवटी, लांबून, एक लहान मुलगी खुदकन हसली.
सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना. म्हणाल्या, हेच माझे बाबा. आणि ती हसली ना, ती मी. मला तेव्हाही हसूच आवरायचं नाही.
मला तर पहिल्या वाक्यापासून हा माणूस पटला. या घराण्यात अखेर एक समजूतदार माणूस निघाला. म्हटलं, पुन्हा लावतो, नळीवर धूळ आहे, जरा पुसून घेतो. ही म्हणाली, नको हो, एकदाच सांगितलंय. मी नळी काढली. बाहेरून धरली.
तीन तुकडे.

३० मार्च, संध्याकाळी
मी ओरडलो, हे खरं आहे. कोणी धक्का दिला, पंखा कोणी लावला, मध्ये कोण बोललं, सगळं विचारलं. माझ्या चार फुटांत कोणीही नव्हतं असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. आधीच ठरवलं असणार.
सासूबाईंनी तुकडे कापसात ठेवले. मला जवळ बोलावून म्हणाल्या, बसा, पाणी प्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. फार राग आला होता. कुणाचा, ते लिहीत नाही.

३ एप्रिल
कळलं ते असं. मेहुण्याने त्या दिवशी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून सगळं रेकॉर्ड केलं होतं. मला न सांगता. दोन मिनिटं वडील, त्यापुढे साडेतीन मिनिटं मी. माझा भाग कापतो म्हणाला, तर सासूबाईंनी कापू दिला नाही.
त्या रोज सकाळी चहाबरोबर ऐकतात. ही म्हणते, आई दोघांनाही सारखंच हसते.
माझा आवाज जास्त स्पष्ट आला आहे.