परवान्यावरची पशुशास्त्रज्ञ

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून डुकरांच्या दोनशे पिल्लांची शेपटं कापली. मग पाइपने विण्याचे पिंजरे धुतले. मेलेली पिल्लं बादलीत भरून बाहेर नेली. इथे आत जाताना आंघोळ, बाहेर येतानाही आंघोळ — रोगजंतू नकोत म्हणून. केस तीनदा धुतले. वास आहेच.

घरी फोन केला तर बाबांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाच्याच हातात दिला. "बोला, बोला! माझी मुलगी अमेरिकेत डुकरांवर संशोधन करते!" कार्नितास — आमच्याकडचं तळलेलं डुकराचं मांस — घ्यायला आलेला कोणी अनोळखी माणूस. त्याच्याशी मी संशोधकासारखी बोलले. लिहायलाही लाज वाटते, पण बोलले.

११ फेब्रुवारी

मॅनेजर गॅरीने ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, कामाच्या परवान्याचं काही निघालं. परवान्यावर 'पशुशास्त्रज्ञ' लिहिलंय. तीन शेजारी देशांच्या व्यापार करारातल्या नोकऱ्यांच्या यादीत तो शब्द आहे म्हणून मी नेब्रास्कात आहे. त्याच करारातून आमचे टोमॅटोही येतात. पण टोमॅटो इकडे येऊन टोमॅटोच राहतो!

गॅरी म्हणाला, "तुझ्यासारखा अजून एक आण. पदवीवाला. तो आला की तू लॅबमध्ये."

लॅब! खुर्ची, सूक्ष्मदर्शक, कोरडे पाय. आणि येणारा कुठे जाईल? मी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतंच काय.

१५ फेब्रुवारी

फर्मिनला मेसेज केला. पशुवैद्यकीय कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होता. आता आमच्या गावी, ला पिएदादला, नगरपालिकेच्या कत्तलखान्यात मांस तपासतो. कायमची नोकरी. त्याने शिक्का मारल्याशिवाय एक डुक्कर बाहेर जात नाही.

लिहिलं — "इथे एक जागा आहे." इतकंच. खोटं एक अक्षर नाही.

१९ फेब्रुवारी

"पण काम नेमकं काय असतं, डॉक्टर?" — चार दिवसांत तीनदा विचारलंन. शेवटी कंपनीचं पत्र पुढे पाठवलं. "यात सगळं आहे."

माझ्या पत्रातही होतं सगळं.

९ मार्च, सोमवार

फोनवर मुलाखतीची तयारी. मी व्हिसा अधिकारी, तो उमेदवार.

"रोज काय काम कराल?"

"कळपाच्या प्रजननाच्या नोंदी, लसीकरणाचं वेळापत्रक, मृत्यूंची कारणं शोधणं..."

न अडखळता, मान ताठ ठेवून बोलला असणार. इतकं छान मला जमलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता ना!

१२ मार्च

माझ्याबरोबर पिंजरे धुणाऱ्या लेंचामावशींना सगळं कळलंय. त्याही आमच्याच देशातल्या, ग्वानाह्वातोच्या. एकोणीस वर्षं इथे, कागदाचा एक चिटोरा नाही. मला खराटा देताना म्हणतात, "घ्या, डॉक्टरीणबाई! आम्ही सरहद्दीच्या कुंपणाखालून आलो, तुम्ही पदवी दाखवून आलात. खराटा मात्र एकच!" मी रोज हसते. आज हसू आलं नाही.

"त्या डॉक्टरला सांगितलंस का?"

"सांगेन."

"कधी? खराटा हातात दिल्यावर?"

२७ मार्च

व्हिसा मिळाला. त्याने राजीनामा दिला. कत्तलखान्यातल्या लोकांनी बँड लावून निरोप दिला — त्याचा व्हिडिओ आलाय. पांढरे गमबूट घालून सगळे नाचतायत. शेवटी त्याची आई पुढे येते, कॅमेऱ्यात बघून म्हणते, "तुझे उपकार कसे फेडू, मुली!"

'येऊ नकोस' असं लिहिलं. पुसलं. त्याची जागा भरलीसुद्धा, आता सांगून काय उपयोग — असं मनाला समजावलं. राजीनाम्याआधी समजावलं होतं, की एवढ्यात कशाला सांगायचं. मी समजावण्यात हुशार आहे!

४ एप्रिल

नाही सांगितलं.

१३ एप्रिल, सोमवार

फर्मिन आला. आंघोळ करून, फार्मचे कपडे घालून आत आला. भांग पाडलेला. छातीशी वही. "लॅब कुठल्या बाजूला, डॉक्टर?"

लेंचामावशींनी त्याच्या हातात पाइप दिला. त्याला वाटलं, धरायला दिलाय. धरून उभा राहिला — नम्रपणे, कोणी येऊन परत घेईल म्हणून! मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गटाराच्या जाळीकडे.

"तुम्ही पण हेच करत होता?"

मी मान हलवली.

"चौदा महिने?"

त्याने पाइपचं पाणी सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वही मावशींनी खिडकीत ठेवली, भिजू नये म्हणून.

१४ एप्रिल

लॅबमधला पहिला दिवस. खुर्ची फिरते. काचेतून पिंजरे दिसतात. मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारी फर्मिनने पाणी बंद केलं. पाइप नीट गुंडाळून खुंटीला लावला आणि गॅरीसमोर जाऊन कंपनीचं पत्र धरलं. "हे काम यात लिहिलेलं नाही."

गॅरी म्हणाला, "सोडलंस तर परवाना संपला. कळतंय ना?"

"कळतंय."

एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग आंघोळ करून, बॅग घेऊन लॅबच्या दारात आला. चेहऱ्यावर राग नव्हता.

"लेंचामावशी चारला मला बस स्टँडवर सोडतायत. गाडीत जागा आहे. येता का, डॉक्टर?"

मी म्हणाले, माझी ड्यूटी पाचला सुटते.