बुंदुक बोक्याचे ओले खाणे आणि माझा एक तृतीयांश

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

आज घरी आलेला माल: बोक्याच्या ओल्या खाण्याची पाकिटे चोवीस, दर पंचेचाळीस पौंड, कोरड्या दाण्यांची सीलबंद थैली एक, पाचशे दहा पौंड, पोटाच्या औषधाची बाटली, नव्वद पौंड, आणि वकिलाच्या कचेरीतून कोरा कागद, ज्याचे त्याने वीस पौंड लावले. त्याच कागदावर हे लिहीत आहे.

मी, नेमात अब्दुलगफूर शलबी, मर्हूम सुलेमान दर्विश यांची विधवा, वय एकोणसत्तर, राहणार मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया, असे लिहून ठेवते की माझी अक्कल जागेवर आहे. नसती तर आज दुकानदाराने सुटे पैसे कमी दिलेले माझ्या लक्षात आले नसते. हे मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने लिहीत नाही. गोड बोलणे या घरात अलीकडे फार वाढले आहे. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी, २८ तारखेला, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मग एवढ्या सह्या कशाला घेतल्या?

कलम पहिले. माझे कफन मक्केहून आणलेले आहे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. नवे विकत घेऊ नये. रस्त्यात मांडव घालू नये. कुराण वाचायला आपल्या मशिदीतला कारी पुरे. बाहेरून मोठ्या आवाजाचा आणू नये.

कलम दुसरे. घर आणि घरातले सामान माझा एकुलता मुलगा वाएल याला शरियतप्रमाणे जाईल. त्यात वाढवायचा वा घटवायचा अधिकार मला नाही, हे तो जाणतो आणि म्हणून निवांत असतो. पितळी खलबत्ता आपला आहे, असे माझी नणंद मयतीच्या दिवशीच सांगेल. तो उलटा करून बघावा. तळाला माझ्या आईचे नाव कोरलेले आहे.

कलम तिसरे. जो आपला वारस नाही त्याला मालमत्तेतला एक तृतीयांश देण्याची मुभा अल्लाहने दिली आहे. पोस्टातली माझी बचत त्या तृतीयांशात बसते. ती मला बुंदुकसाठी ठेवायची आहे. मशिदीच्या शेखना विचारले. ते हसले. "हाज्जा, बोका मालक होऊ शकत नाही. त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे कर आणि अट घाल." हसण्याचे कारण मला कळले नाही, पण अट घालणे मला जमते.

आता माणूस कोण, आणि का, ते लिहिते. पुढे कोर्टात कोणी म्हणू नये की म्हातारीला भूल पडली होती.

बुंदुकचे पोट पिल्लू असल्यापासून नाजूक. वाएल म्हणायचा, "आई, कोरडं घाल ना. स्वस्त पडतं, वास नाही." सून शाहिनाज म्हणायची, "ओल्यानेच बिघडतं त्याचं. दाणे सांडले तर झाडता तरी येतात." झाडते कोण, ते इथे लिहीत नाही. कोरडे घातले. दुकानदार उघड्या पोत्यातून किलोवर देतो. पोत्याच्या तळाशी काय ओततो ते तो आणि त्याचा रब जाणे. जुलाब. मग ओले घातले. तरी जुलाब. रमजान लागला आणि बोक्याचा नुसता सांगाडा उरला. मला सगळ्यांचा संशय आला. सुनेचा आधी.

जनावरांची डॉक्टर निर्मीन म्हणाली, "हाज्जा, ओलं की कोरडं ते नंतर बघू. आधी सांगा, तो फक्त तुमच्याच हातचं खातो का?"

"दुसऱ्या कुणाची हिंमत आहे?"

"मग आठवडाभर दार बंद ठेवा."

ठेवले. ओल्या खाण्यावर बोका टुणटुणीत. दार उघडले, पुन्हा तेच. तेव्हा मगरिबच्या बांगेला, सगळे रोजा सोडायला ताटावर बसले असताना, मी तोंडात खजूर टाकला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दाराबाहेर बशी. कोफ्ता, कलेजी, मलोखियाच्या पालेभाजीतला ससा. खालचे औषधवाले अब्दुलवारिस चोरासारखे बशी सरकवत होते.

"हे काय चाललंय?"

"हळू बोला, हाज्जा! सदका आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये."

"डाव्याला नाही कळलं, माझ्या सतरंजीला कळलं! पुण्य तुमचं आणि जुलाब माझ्या घरात?"

एक बशी याच जिन्यात राहणाऱ्या वाएलच्या दारची निघाली. शाहिनाज म्हणाली, "आई, मला वाटलं मी एकटीच देते." सगळ्यांनाच तसे वाटत होते.

एकाच दारात बशी नव्हती: वरच्या मजल्यावरच्या इव्हलिन बुतरोसच्या. तिचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. पंचावन्न दिवस मांस नाही, दूध नाही. घरात डाळ, बाकल्याच्या बिया आणि तेल. मी मनात म्हटले, या जिन्यात हात स्वच्छ असलेली ही एकटी.

तिचा ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी शम्म-अन-नसीम, वसंताचा सण, साऱ्या शहराने खारवलेली मासळी खाल्ली, आणि संध्याकाळी बुंदुक रक्त हगला. मी शाहिनाजशी बोलणे टाकले. (त्याला इतर कारणेही होती.) सकाळी इव्हलिन स्वतः खाली उतरली. मी विचारले नव्हते, संशयही घेतला नव्हता.

"नेमात, सुनेला बोलू नकोस. ते मी दिलं."

"काय दिलंस?"

"फसीख. डोकं आणि शेपूट."

"अगं, ती मासळी माणसाला बाधते, याचं पोट तर कागदाचं!"

"सगळा उपासभर माझ्या दारात येऊन बसायचा गं. रोज रिकामा परत पाठवला. तेव्हाच बोलले होते, उपास सुटला की माझ्या घरातला पहिला घास याचा. बोललेलं मोडू कसं?" आणि पायरीवर बसून रडली. मी तिला पाणी दिले. चहा दिला नाही. रागात होते.

नंतर विचार केला. जिन्यातल्या इतरांना मी पकडले, तेव्हा ते बोलले. ही न पकडता बोलली. मी या जिन्यात तीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे बघत आले आहे. अशी माणसे मला फार भेटली नाहीत. म्हणून पोस्टातली बचत आणि बुंदुक, दोन्ही इव्हलिन बुतरोसच्या नावे. ती ख्रिस्ती आहे म्हणून कोणी हरकत घेऊ नये. शेखना तेही विचारले आहे.

अटी: सकाळ-संध्याकाळ फक्त ओले. हा बोका पाणी पीत नाही, ओल्यातूनच त्याच्या पोटात पाणी जाते. पाकीट फ्रिजमधून काढून गार देऊ नये. ओले बाजारात नसेल तरच सीलबंद दाणे, तेही एकदम नाही, आठवडाभर चमचा चमचा वाढवत. पोत्यातले कधीही नाही. दूध नाही. सणाचे काहीही नाही, नवस असला तरी. आणि दर महिन्याला डॉक्टर निर्मीनने त्याला तपासावे. इव्हलिनवर माझा विश्वास आहे, तरीही तपासावे.

साक्षीदार: अब्दुलवारिस सकर, औषधविक्रेते. लुत्फी नसीम, निवृत्त ट्राम कंडक्टर. यांचा चष्मा मोडल्याने मजकूर दोनदा वाचून दाखवला.

सही: नेमात अब्दुलगफूर शलबी
अलेक्झांड्रिया, शनिवार, १८ एप्रिल २०२६

इव्हलिन, ही नक्कल तुला तांताला, तुझ्या लेकीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटाला चारही बाजूंनी खळ लावली आहे. एखादी बाजू सुटलेली दिसली तर मला सांग. फोन करू नकोस, "चार्ज करते" म्हणत माझा फोन शाहिनाजच घेऊन बसते. तू नाही म्हणालीस तर दुसरे नाव लिहायला मी मूळ कागदावर दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. त्या ओळींसमोर तासभर बसले. एकही नाव सुचले नाही. बुंदुक आता थोडे खातो, दार बंद असते. २८ च्या मंगळवारच्या आत उलट टपाली कळव.