चिंतामणच्या नावावरचं पुस्तक

३ मे १९४६, सातारा

पुण्याहून प्रोफेसरांचं पत्र आलं. एम्.एस्सी.ला घेतील, पण अट आहे. पांढऱ्या खुज्या ताऱ्यांवरची चांगली पुस्तकं माझी मी शोधायची, वाचायची आणि वीस पानांचं टिपण घेऊन २० जूनला भेटायचं. टिपण नसेल तर येण्याचा त्रास घेऊ नये, असं लिहिलं आहे.

पांढरे खुजे तारे हे नाव माझंच. मराठीत दुसरं कुठे वाचलं नाही.

अब्बांनी पत्र हातात घेऊन परत दिलं. "काय म्हणतात, बेटा?" मी सांगितलं – पृथ्वीएवढा तारा, पण वजन सूर्याएवढं. त्यातलं काड्यापेटीभर घेतलं तर बैलगाडी मोडेल. "मग पेटी ठेवायची कशावर?" म्हणाले, आणि पुन्हा बांधणीची खळ ढवळायला लागले. साताऱ्यातली निम्मी पुस्तकं त्यांच्या हातची बांधलेली. घरात बी.एस्सी. मी पहिली. खरं तर इंग्रजी वाचणारीच पहिली.

नाही जमलं तर फलटणच्या शाळेत गणिताची मास्तरीण. जूनअखेर हजर व्हायचं.

९ मे

पुण्याच्या दुकानाचं कार्ड. या विषयावरचं पुस्तक विलायतेहून मागवावं लागेल, लढाई संपली तरी बोटींत जागा नाही. आठ महिने तरी.

आठ महिने!

१४ मे, सांगली

कॉलेजात जाऊन सगळी कपाटं पाहिली. कुठे अर्धं पान, कुठे तळटीप. रडायचीच बाकी होते. आमचे जुने सर हसले. "अगं, असं पुस्तक तुझ्या साताऱ्यातच आहे की. मीच दिलं होतं तिथल्या वाचनालयाला, एकोणचाळीस साली. अख्खं प्रकरण आहे त्यात."

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. पाय दुखले नाहीत.

१६ मे

ज्योतिबा आला. तो वाचनालयाचा शिपाई. बायका तिथे जाऊन बसत नाहीत, म्हणून तो पिशवीत पुस्तकं घालून घरोघर फिरतो. मी चिठ्ठी दिली.

"आवं ताई, त्ये न्हाई मिळायचं. पाच वर्सं झाली, एकाच नावावर हाय. एका म्हाताऱ्याकडं असतंय. दर पंधरा दिसांनी मीच मुदत वाढवून आणतो."

संताप आला. कोण म्हातारा, हेही विचारलं नाही. संध्याकाळी कमिटीला अर्ज लिहिला – एकाच सभासदाने पाच वर्षे पुस्तक अडवून धरणे हा इतर वाचकांवर अन्याय आहे. 'अन्याय'खाली रेघ मारली.

१९ मे

काही नाही.

२८ मे

अर्ज मंजूर. त्या सभासदाचं नाव कमी केलं आणि पुस्तक मला आलं. हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरांत बरोबर तेच नाव. उघडलं.

आत गुरांचे रोग. खुरकुत, घटसर्प, बैलाच्या खुराची चित्रं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ज्योतिबा अजून दारातच होता. म्हणाला, "म्हाताऱ्यानं निसतं विचारलं, नाव खोडलं का?" मग त्याच्याकडूनच सगळं कळलं. म्हातारा म्हणजे विष्णुपंत, हायस्कुलातले जुने मास्तर. काचबिंदूने दृष्टी गेली आहे. पुस्तक त्यांचं नव्हतंच. मुलाच्या, चिंतामणच्या नावावर होतं. त्याने ते घरी आणलं आणि आठच दिवसांत लष्कराच्या बिनतारी खात्यात भरती होऊन गेला. सिंगापूर पडल्यापासून बेपत्ता. पुस्तक घरात आहे तोवर वाचनालयाच्या वहीत त्याचं नाव राहतं, म्हणून म्हातारा मुदत वाढवत होता.



२९ मे

पुस्तक अब्बांना दाखवलं. त्यांनी शिवण पाहिली, पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाले, "गेल्या साली मास्तरांनीच बांधायला पाठवलं होतं. हाताळून हाताळून पानं सुटली होती. त्याच दिवशी वाचनालयाचंही एक होतं, याच मापाचं. मी अक्षरं चिठ्ठीवर बघून उठवतो, बेटा. वाचून नाही."

मी चार वर्षं सांगलीत राहून शिकले. अब्बांना सव्वीस अक्षरं शिकवायला मला एक रविवार मिळाला नाही.

४ जून

अब्बा माझ्याबरोबर वाचनालयात आले. इतकी वर्षं मागच्या दाराने गठ्ठे नेले-आणले, पुढच्या दाराने आजच. शेतीच्या कपाटापुढे उकिडवे बसले. "हिरवं कापड तेव्हा दोनच पुस्तकांपुरतं उरलं होतं." पाच मिनिटांत काढून दिलं. वर गुरांचे रोग, आत तारे. आमचं प्रकरणही आहे, चोवीस पानांचं!

चिंतामणचं नाव परत चढवा म्हणून मी सेक्रेटरींना विनवलं. "नियम आहे. सभासदानं स्वतः येऊन सही केली, तरच नाव चढेल आणि पुस्तक त्याच्याकडे जाईल."

स्वतः येऊन.

५ जून

विष्णुपंतांकडे गेले. अर्ज मी केला होता, हे सांगितलं. "बरोबरच केलंस. पुस्तक वाचायला असतं." पुस्तक हातात दिलं तर कडा चाचपत राहिले. "हाताला वेगळं लागतंय."

"तेच आहे," मी म्हणाले. गेलं वर्षभर ते काय कुरवाळत होते, हे सांगितलं नाही.

रोज दुपारी येऊन वाचून दाखवते म्हटलं. दुसरं काय देणार?

१२ जून

रोज दुपारी त्यांच्याकडे, सकाळी घरी प्रकरण उतरवून घेणं. अवघड आहे, एका समीकरणावर दोन दिवस गेले. विष्णुपंतांनी आज विचारलं, "विझत आलेला तारा इतका जड कसा?" मी सांगितलं, आत सगळं गच्च दाबलं जातं म्हणून. ते म्हणाले, "हं."

१७ जून

सहा पानं राहिली. नेमकी शेवटची, जिथे सगळं जुळतं ती. उद्या एका बैठकीत होतील. परवा पुण्याची गाडी.

१८ जून

मी दौत उघडते तोच ज्योतिबा दारात. धापा टाकत.

"ताई, त्ये पुस्तक द्या. सभासद आलाय. सोता सही केली."

कोण सभासद, हे या वेळी विचारलं.

"चिंतामण. काठी टेकत आलाय, पर आलाय. म्हाताऱ्यानं पाणीसुदिक पिऊ दिलं न्हाई. म्हनला, आदी जा आन् सही करून ये."

सहा पानं राहिली. पुस्तक दिलं.