चिप तोडली तरी येणारा सिग्नल

तीर्थरूप आईस धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. फक्त कामात डोकं चक्रावलंय.

तुला सांगितलं होतं ना, आमच्या त्या भल्यामोठ्या फ्रिजच्या तळाशी क्वांटम चिप असते. तिचा मायक्रोवेव्ह सिग्नल इतका क्षीण, की साध्या यंत्राने मोठा करायला गेलं तर त्या यंत्राच्याच खरखरीत बुडून जातो. म्हणून मी सुपरकंडक्टरच्या जोडांचा अ‍ॅम्प्लिफायर बनवते. तो आपली खरखर जवळजवळ मिसळत नाही.

परवा सिग्नल इतका स्वच्छ आला की सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मग मी सहज चिपची जोडणी तोडून पाहिली, तर सिग्नल तसाच. बाहेरून जरा जास्त ऊर्जा दिली गेली की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच गुणगुणायला लागतो. त्याचंच गाणं आम्ही चिपचं समजून ऐकत बसलो होतो.

तेव्हापासून कशावर विश्वास ठेवावा कळत नाही. रविवारी फोन उचलताच, मी विचारायच्या आत, तू म्हणतेस, "आम्ही दोघं अगदी मजेत." दर वेळी तेच शब्द, तोच सूर. बाबा कधी झोपलेले, कधी अंघोळीला. पूर्वी तुझ्या हातातला फोन ओढून घ्यायचे. की मीच उगाच नसलेलं काहीतरी ऐकतेय?

दादा येऊन गेला का? तुझा गुडघा कसा आहे?

या पत्राचं उत्तर तू लिहू नकोस. बाबांना लिहू दे. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

तुझी,
धाकटी