टाचणीच्या वर

चिंचवड, माघातली संकष्टी, १९५६

ती टाचणी काही डोळ्यांपुढून जात नाही. वत्सलाच्या मॅट्रिकच्या अभ्यासातला परासरणाचा प्रयोग मीच हौसेने तिच्या घरी करून दाखवायला गेलो. तिच्या आबांच्या मनात भरायचं होतं, दुसरं काय. तिच्या आईने उपवासाच्या बटाट्यांतला एक नाखुशीने दिला. तो सोलून कोरला, आत दाट साखरपाणी भरलं, पाण्याच्या थाळीत ठेवला. सदऱ्याची गुंडी तुटलेली, तिथली टाचणी काढून साखरपाण्याच्या रेषेवर टोचली. म्हटलं, थाळीतलं पाणी बटाट्यातून आत शिरेल, रेषा टाचणीच्या वर चढेल.

अर्ध्या तासात काही हललं नाही. आबा ओसरीवरून म्हणाले, "कालिजात ह्येच शिकलास व्हय? म्हणून सोडलंस जनू."

डोकंच फिरलं. अडाण्यांना काय कळतंय, असं तोंडावर बोललो आणि निघालो. कॉलेज तरी असंच सुटलं ना? प्रोफेसर एकदा हसले, मी परत गेलो नाही. मला थांबता का येत नाही?

संध्याकाळी देवळाच्या रांगेत वत्सला दिसली. खाली बघतच म्हणाली, "पाणी टाचणीच्या वर आलं. आबांनीही पाहिलं."

"मग?"

"म्हणाले, बटाटा खरा निघाला, पर त्ये पोरगं पुन्ना दारात नगं." मग हळूच, "अजून तासभर बसला असतात तर..."

तिच्या आईने हाक मारली. ती गेली.

सदरा उघडाच आहे. टाचणी तिथेच राहिली. ती मागायलाही आता जाता येणार नाही.